आधी हिस्सा, मग इंटरनेट: दक्षिण आफ्रिकेतला तीस टक्क्यांचा तिढा

नकाशावर लेसोथो शोधा. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, डोंगराळ, गरीब, एवढासा देश. या देशाने एप्रिल २०२५ मध्ये स्टारलिंकला, म्हणजे इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट सेवेला, परवाना दिला. त्याआधीच मोझांबिक, बोत्सवाना, झिम्बाब्वे आणि एस्वातिनी या शेजाऱ्यांकडे उपग्रहाचं इंटरनेट सुरू झालं होतं. आफ्रिका खंडातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एक असलेल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र ते अधिकृतपणे मिळत नव्हतं. मग लोकांनी नेहमीचा मार्ग धरला. शेजारच्या देशाच्या पत्त्यावर किट घ्यायचं, सीमा ओलांडून आणायचं आणि ‘रोमिंग’वर चालवायचं. शेतावर, लॉजवर, आडगावच्या दुकानावर अशा तबकड्या दिसू लागल्या. २०२३ च्या अखेरीस इकासा या तिथल्या दूरसंचार नियामकाने जाहीर करून टाकलं की या कंपनीकडे परवाना नाही, तेव्हा हे सगळं बेकायदा आहे. पुढच्या वर्षी कंपनीनेही अशा रोमिंगवाल्यांना सेवा तोडण्याच्या नोटिसा धाडल्या.

म्हणजे यंत्र आहे, उपग्रह डोक्यावरून जातोय, गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे. अडलंय ते मालकीच्या ३० टक्क्यांवर.

हे ३० टक्के काय आहेत, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण या विषयावर चिडणारे आणि नियमाची बाजू घेणारे, दोघेही बरेचदा अर्धवट माहितीवर भांडतात. दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स कायद्यानुसार, मोठं नेटवर्क उभारण्यासाठी किंवा चालवण्यासाठी लागणारा परवाना हवा असेल, तर अर्जदार कंपनीत किमान ३० टक्के मालकी ‘ऐतिहासिकदृष्ट्या वंचित’ गटांकडे असावी लागते. वर्णभेदाच्या राजवटीत ज्यांना जमीन, शिक्षण, धंदा सगळ्यापासून दूर ठेवलं ते हे गट. त्यात कृष्णवर्णीय आफ्रिकी येतात, तिथे ‘कलर्ड’ म्हटले जाणारे मिश्रवंशीय येतात, आणि भारतीय वंशाचे नागरिकही येतात. दर्बानमधल्या एखाद्या भारतीय वंशाच्या उद्योजकाने हा हिस्सा घेतला तर तो कायद्याच्या हिशेबात धरला जातो.

दुसरी गोष्ट, हा हिस्सा मूळ कंपनीत मागितलेला नाही. स्पेसएक्सचे ३० टक्के कुणी मागत नाही. दक्षिण आफ्रिकेत जी स्थानिक उपकंपनी काढायची, तिच्यात ३० टक्के. पण स्टारलिंक जगभर आपल्या उपकंपन्या शंभर टक्के स्वतःच्या हातात ठेवते आणि कुठेच भागीदार घेत नाही, असं तिचं म्हणणं. मार्च २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की मी कृष्णवर्णीय नाही म्हणून माझ्या कंपनीला तिथे परवानगी नाही. मस्क स्वतः प्रिटोरियात जन्मलेले, त्यामुळे वाक्य जगभर फिरलं. ते खरं नाही. मालक कोणत्या वर्णाचा हे कायदा विचारत नाही. ३० टक्के कुणाकडे आहेत ते विचारतो. उरलेले ७० टक्के कुणाकडेही असोत. दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने लगेच उत्तर दिलं की शेकडो अमेरिकी कंपन्या इथे कायदे पाळून धंदा करतात, मायक्रोसॉफ्टसुद्धा.

हे उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गाळली आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. मायक्रोसॉफ्टने तिथे हिस्सा विकलेला नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी तिथे एक पर्यायी वाट आहे. शेअर विकायचे नसतील तर तेवढ्या किमतीचं काम करा: लहान कृष्णवर्णीय उद्योजकांना भांडवल द्या, तरुणांना प्रशिक्षण द्या, स्थानिक पुरवठादार तयार करा. सर्वसाधारण नियमाप्रमाणे कंपनीच्या तिथल्या धंद्याच्या किमतीच्या २५ टक्के किंवा वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, असं माप ठरलेलं आहे. आयबीएम याच वाटेने गेली. बीएमडब्ल्यू, टोयोटा वगैरे मोटार कंपन्यांनी मिळून निधीच काढला. ही सोय व्यापार खात्याच्या नियमांत आहे, दूरसंचाराच्या स्वतःच्या नियमांतही तिचा उल्लेख आहे. पण नेटवर्कचा परवाना देताना इकासा पाहते ती दूरसंचार कायद्यातली अट, आणि तिथे लिहिलंय ‘मालकी’. काम, निधी, शाळा यांना त्या रकान्यात जागा नाही. एकाच सरकारच्या एका खात्याला चालणारी गोष्ट दुसऱ्याला चालत नाही. सामान्य माणसाचा संताप मुख्यतः यावर आहे.

आता हा नियम मुळात का आला, तर त्याचं कारण खोटं नाही. १९९४ मध्ये लोकशाही आली तेव्हा मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळाला, पण खाणी, बँका, कारखाने, शेतजमीन होती त्याच हातांत राहिली. नोकऱ्या देऊन पगार मिळतो, संपत्ती तयार होत नाही. ती मालकीतून होते, असा विचार करून २००३ मध्ये कृष्णवर्णीय आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा झाला. जातीच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवलेल्यांचा इतिहास ज्या समाजाला माहीत आहे, त्याला हे तर्कट वाटू नये.

पण मालकी द्यायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? इथे थोडं हिशेबात शिरू.

समजा कंपनीची किंमत १०० कोटी. ३० कोटींचे शेअर वंचित गटांना द्यायचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लुटलं त्यांच्याकडे ३० कोटी कुठून असणार? म्हणून ते स्वतःचे दोन-तीन कोटी घालतात आणि बाकीची रक्कम बँक, नाहीतर ती कंपनीच, कर्ज म्हणून देते. शेअर नावावर होतात, पण दरवर्षी येणारा लाभांश आधी कर्जाच्या व्याजाला जातो. दहा वर्षांत शेअरचा भाव चढला तर कर्ज फिटून हातात घसघशीत रक्कम उरते. भाव पडला तर शेअर विकूनही कर्ज फिटत नाही आणि ‘मालका’च्या हाती भोपळा.

दोन्ही प्रकार तिथे घडले आहेत. वोडाकॉम या मोबाइल कंपनीने २००८ मध्ये ‘येबोयेथू’ नावाची ७५० कोटी रँडची योजना काढली आणि सामान्य कृष्णवर्णीय लोकांना शेअर विकले. तिची स्पर्धक एमटीएनने २०१० मध्ये ‘झाखेले’ काढली. तिने भाग घेणाऱ्यांना चांगला पैसा दिला. मग २०१६ मध्ये एमटीएनने तिची दुसरी आवृत्ती काढली, आणि शेअरचा भाव असा घसरला की मुदत संपत आली तेव्हा गुंतवणूकदारांचं मोल जवळपास धुऊन निघालं होतं. मुदत वाढवावी लागली. या निदान सगळ्या सामान्य कृष्णवर्णीयांना खुल्या असलेल्या योजना. अनेक व्यवहारांत हिस्सा गेला तो सत्ताधाऱ्यांच्या ओळखीतल्या मोजक्या कंपन्यांकडे. पुन्हापुन्हा तीच नावं. आणि कागदावर भागीदार, प्रत्यक्षात कारभारात शून्य, असा प्रकार इतका वाढला की २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याला फौजदारी गुन्हा ठरवावं लागलं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. स्टारलिंक अडल्याचा राग दोन-तीन वर्षांचा दिसतो, पण दक्षिण आफ्रिकेतल्या इंटरनेटच्या ग्राहकाला या चित्रपटाचा आधीचा भाग तोंडपाठ आहे. त्यात आपली मुंबईही आहे.

१९९७ मध्ये सरकारने टेल्कॉम या सरकारी टेलिफोन कंपनीचे ३० टक्के एका अमेरिकी आणि एका मलेशियन कंपनीच्या गटाला विकले, १२० कोटी डॉलरच्या वर रक्कम घेऊन. बदल्यात टेल्कॉमला पाच वर्षांची मक्तेदारी. त्या काळात गावोगाव नव्या जोडण्या द्यायच्या होत्या, दिल्याही. पण दर असे वाढवले की गरीब घरांना भाडं परवडेना आणि मोठ्या संख्येने त्या जोडण्या पुन्हा तुटल्या. २००२ मध्ये टेल्कॉमने ब्रॉडबँड आणलं, महिन्याला ३ जीबीच्या मर्यादेचं. लोकांनी कंपनीच्या नावाचं ‘हेलकॉम’ करून टाकलं. आणि लक्षात घ्या, या कंपनीतला सगळ्यात मोठा भागधारक सरकारच होतं. स्पर्धा आली तर ज्याचा लाभांश घटणार, त्याच्याच हाती स्पर्धकाला परवाना द्यायचं काम.

मे २००२ मध्ये मक्तेदारी संपली. दुसरी कंपनी येणार होती. तिच्यासाठी सरकारने आधीच ताट वाढून ठेवलं होतं: ३० टक्के एस्कॉम आणि ट्रान्सनेट या सरकारी वीज आणि रेल्वे कंपन्यांना, १९ टक्के कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांच्या एका गटाला. उरलेले ५१ टक्के घ्यायला पैसेवाला परदेशी भागीदार यावा, अशी अपेक्षा. त्याने भांडवल आणायचं, तंत्रज्ञान आणायचं, आणि आपण न निवडलेल्या तीन भागीदारांबरोबर संसार करायचा. ज्यांनी अर्ज केले ते नियामकाला पसंत पडले नाहीत. पुन्हा मागवले, पुन्हा तेच. तत्कालीन दळणवळण मंत्री आयव्ही मात्सेपे-कसाबुरी यांच्या कार्यालयात वाटाघाटींवर वाटाघाटी चालू राहिल्या आणि इकडे टेल्कॉम मक्तेदारी कागदोपत्री संपूनही एकटीच मैदानात.

शेवटी आली ती आपली व्हीएसएनएल, नुकतीच टाटांकडे गेलेली, मुंबईच्या फोर्टमधल्या इमारतीतून चालणारी. पण ५१ टक्के तिला मिळाले नाहीत. तिला २६, आणि बाकीचे आणखी दोन स्थानिक गटांत वाटले. डिसेंबर २००५ मध्ये परवाना हाती आला. मक्तेदारी संपल्यापासून साडेतीन वर्षं. २००६ मध्ये ‘निओटेल’ हे नाव ठरलं, आणि घरगुती ग्राहकापर्यंत पोचायला २००८ उजाडलं. तोवर लोक मोबाइलवर गेले होते. भागीदारांपैकी ज्यांच्याकडे पुढचं भांडवल घालायला पैसा नव्हता त्यांचा वाटा आक्रसत गेला आणि टाटांचा निम्म्याच्या वर गेला. कंपनी काही नफ्यात आली नाही. वोडाकॉमने ७०० कोटी रँडला घ्यायचं ठरवलं, तो सौदा नियामक, स्पर्धक आणि कोर्ट यांच्यात दोन वर्षं लटकून मोडला. अखेर २०१७ मध्ये लिक्विड टेलिकॉमने ६५५ कोटी रँडला ती विकत घेतली. त्यात ३० टक्के भागीदार होती बाफोकेंग समाजाची गुंतवणूक कंपनी. प्लॅटिनमच्या खाणींवर हक्क असलेला हा समाज; पैसाही त्याचा स्वतःचा. हिस्सेदारीचा नियम कुठे जमू शकतो याचं हे चांगलं उदाहरण. पण असे समाज किती आहेत?

समुद्राखालच्या केबलचंही असंच. तेव्हा देशाचं बाहेरच्या जगाशी बहुतेक सगळं बोलणं टेल्कॉमच्या ताब्यातल्या एका केबलवरून होई आणि भाव ती सांगेल तो. खासगी केबल यायला निघाल्या तेव्हा मंत्रालयाने मालकी आफ्रिकी हातात असण्याचा आग्रह धरला. सीकॉम या केबलने आपली सुमारे तीन चतुर्थांश मालकी आफ्रिकी असल्याचं दाखवूनच पुढचं पाऊल टाकलं. तिच्यात साडेबारा टक्के शंडुका या कंपनीचे होते, म्हणजे आजचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी स्थापलेली कंपनी. जुलै २००९ मध्ये केबल सुरू झाली, एक टोक क्वाझुलू-नताळच्या किनाऱ्यावर, एक मुंबईत. निओटेल तिची तिथली भागीदार. त्यानंतर वर्षभरात मर्यादा नसलेलं इंटरनेट सामान्य घराला परवडेल अशा दरात मिळू लागलं. मधल्या वर्षांत जे लोक ३ जीबीत महिना काढत होते, त्यांना हिस्सेदारी वाटून झाल्याचा काय उपयोग झाला, हे मला कळलेलं नाही. केबलमध्ये आफ्रिकी मालकी असायला माझी हरकत नाही; ती ठरेपर्यंत ग्राहकाला ताटकळत ठेवायला आहे.

या सगळ्यात एक सुटका कोर्टातून झाली. २००८ मध्ये आल्टेक या कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश डेनिस डेव्हिस यांनी निकाल दिला की लहान सेवा-कंपन्यांनाही स्वतःचं नेटवर्क उभारायचा हक्क आहे. शेकडो परवाने एकदम कामी आले आणि आज शहरांत दिसणारं फायबर त्यातूनच वाढलं. मात्र त्यानंतर नवा मोठा परवाना मंत्र्यांनी अर्ज मागवल्याशिवाय मिळतच नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे जुना परवाना आहे त्यांच्या कंपन्याच विकत घ्याव्या लागतात, आणि परवान्यांचाच एक छोटा बाजार बनला आहे.

आता २०२५ कडे येऊ. मे महिन्यात रामाफोसा व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांना भेटले, मस्क त्या खोलीत होते. दोन दिवसांनी दळणवळण मंत्री सॉली मालात्सी यांनी मसुदा प्रसिद्ध केला: हिस्सा विकायच्या ऐवजी तेवढ्या किमतीचं काम करायची वाट दूरसंचार परवान्यासाठीही धरावी, असा निर्देश इकासाला. वेळ पाहता लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. मालात्सी हे रामाफोसांच्या पक्षाचे नाहीत, आघाडी सरकारातल्या डेमोक्रॅटिक अलायन्सचे, त्यामुळे राजकारणाला आणखी फोडणी. मसुद्यावर सुमारे १९ हजार लेखी प्रतिक्रिया आल्या आणि मंत्र्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतल्या ९० टक्के बाजूने होत्या. दूरसंचाराच्या तांत्रिक मसुद्यावर एवढी माणसं लिहायला बसतात, यावरून किती तुंबलं होतं ते कळावं. १२ डिसेंबर २०२५ ला अंतिम निर्देश निघाला. स्टारलिंकने आपल्या बाजूने ५ हजार ग्रामीण शाळांना फुकट जोडणी देण्याची तयारी दाखवली आहे.

विरोध करणारे सगळे हिस्सेवालेच आहेत असं समजू नका. त्यांचा एक मुद्दा मला बिनतोड वाटतो. वोडाकॉम, एमटीएन यांनी कर्जं काढून, योजना आखून, वर्षानुवर्षं झीज सोसून ही अट पाळली. उद्या अवकाशातून येणाऱ्या श्रीमंत कंपनीला शाळांची यादी दाखवून मोकळं सोडलं, तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो. दुसरा मुद्दा, शेअर एकदा दिले की दिले. शाळांना जोडणी देण्याचं वचन मात्र कुणीतरी दरवर्षी तपासावं लागतं. टेल्कॉमच्या तुटलेल्या जोडण्या हेच सांगतात. पण यावर उपाय तपासणी कडक करणं आहे. तपासणी जमत नाही म्हणून हिस्साच मागणं म्हणजे सरकारने स्वतःच्या ढिलाईचं बिल ग्राहकाच्या नावे फाडणं.

आपल्याकडे हे सगळं होऊन गेलंय, फक्त कारण वेगळं होतं. भारतात दूरसंचारात परदेशी हिस्सा आधी ४९ टक्के, २००५ मध्ये ७४, २०१३ मध्ये १००. उरलेला वाटा ‘भारतीय’ हवा, देशाच्या सुरक्षेसाठी. २००७ मध्ये व्होडाफोनने हच घेतली तेव्हा भारतीय भागीदारांचा हिस्सा नेमका कसा धरायचा, त्यांचे शेअर पुढे विकत घ्यायचे करार कसे मोजायचे, यावर दिल्लीत बराच खल झाला. मर्यादा उठल्यावर २०१४ मध्ये व्होडाफोनने ते हिस्से विकत घेऊन टाकले. आता भारताने हिस्सा मागणं सोडलंय आणि अटींचा काच आवळलाय. स्टारलिंकने २०२१ मध्ये परवान्याआधीच नोंदणीचे पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा दूरसंचार खात्याने ते परत करायला लावले. जून २०२५ मध्ये परवाना दिला, पण त्याआधी महिनाभर नव्या सुरक्षा अटी काढून: डेटा देशात, तपास यंत्रणांना कायदेशीर प्रवेश, जमिनीवरच्या यंत्रणेचा २० टक्के भाग पाच वर्षांत देशी. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने कंपनीशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत. आरमोरी-भामरागडकडच्या आश्रमशाळेला कंपनीची मालकी कुणाकडे आहे याने फरक पडत नाही. महिन्याचं बिल कोण भरणार आणि तबकडी बिघडली तर माणूस कुठून येणार, याने पडतो. आणि इरादापत्र म्हणजे करार नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत मात्र निर्देश निघाला म्हणून गाठ सुटली, असं नाही. मंत्र्यांच्या निर्देशाचा नियामकाने विचार करायचा असतो. तो मुकाट पाळायचा असा त्याचा अर्थ होत नाही. इकासा स्वतंत्र संस्था आहे. आणि ३० टक्के हे संसदेच्या कायद्यातच लिहिलेले असल्याने, नियमावली बदलून कायद्यातला आकडा पुसता येतो का, हा प्रश्न उरतोच. कायदाच बदलायचा तर संसदेत बहुमत हवं, आणि संसदेच्या दळणवळण समितीच्या अध्यक्ष खुसेला डिको यांनी या बदलाला उघड विरोध केलेला आहे. कुणी कोर्टात गेलं तर निओटेलच्या सौद्याला लागली तशी वर्षं लागतील. तोपर्यंत लेसोथोच्या सीमेच्या अलीकडच्या शेतकऱ्याला दोनच पर्याय: बेकायदा तबकडी, नाहीतर टेकडीवर चढून मोबाइलला रेंज शोधणं.